इस्तावा की इनाम?

अर्थसंकल्प झाला की दोन-तीन दिवसांत तो मजकूर फिरू लागतोच : ‘कंपन्यांना २२ टक्के कर आणि नोकरदाराला ३०!’ त्याला उत्तर देणारेही ठरलेले. कंपन्या रोजगार देतात, त्यांच्या मानेवर कर ठेवला तर त्या व्हिएतनामला जातील, हे त्यांचं पालुपद. मग एका बाजूनं ‘भांडवलदारांचे दलाल’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘फुकटे’ म्हणून झालं की वाद पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निवांत झोपतो. या सगळ्या गदारोळात कुणीही कागद घेऊन एका कंपनीचा कर मांडून बघत नाही. नफा किती, त्यातून वजावटी किती, अधिभार आणि उपकर (करावर चढणारे जादा कर) धरून शेवटी तिजोरीत पडले किती, एवढा साधा हिशेब. तो केला तर दोन्ही बाजूंची निम्मी वाक्यं गळून पडतील, आणि कदाचित म्हणूनच तो कुणाला नको असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपन्यांवरचा कर जास्त की कमी, याचं उत्तर दराच्या पाटीवर मिळत नाही. सुटी-सवलती वजा जाऊन नफ्याचा कितवा हिस्सा करात गेला, तिथे मिळतं. त्या कसोटीवर २०१९ ची गाजलेली दरकपात जितकी बदनाम झाली तितकी वाईट ठरत नाही. उलट ज्यांच्यावर कुणी रागावत नाही, ज्यांची नावंही बहुतेकांना ठाऊक नसतात, त्या सवलतीच जास्त महाग पडत आल्या आहेत. दर सर्वांना सारखा आणि कमी असायला माझी हरकत नाही. मुदत नसलेल्या आणि हिशेब न दिलेल्या सवलतीला आहे.

आधी तो ‘२२ विरुद्ध ३०’चा मुद्दा निकालात काढू. वार्षिक ३० लाख पगार असलेला माणूस घ्या. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र रक्कम उरते २९ लाख २५ हजार. पहिले चार लाख करमुक्त, मग प्रत्येक चार लाखांना ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वरच्या रकमेला ३० टक्के. एकूण कर ४ लाख ५७ हजार ५००, त्यावर ४ टक्के उपकर. म्हणजे ४ लाख ७५ हजार ८०० रुपये. पगाराच्या १६ टक्क्यांच्या आतच. आता तेवढाच, ३० लाखांचा, नफा असलेली आणि २२ टक्क्यांचा पर्याय घेतलेली छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घ्या. तिला कुठलाही टप्पा नाही. पहिल्या रुपयापासून २२ टक्के, वर १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. दर होतो २५.१६८ टक्के आणि कर ७ लाख ५५ हजार ४०. तीस टक्के हा पगारदाराच्या शेवटच्या टप्प्याचा दर आहे आणि बावीस हा कंपनीच्या सगळ्या नफ्याचा. शेवटच्या पायरीची उंची आणि जिन्याची सरासरी उंची यांची तुलना करून जिना अन्यायकारक ठरवायचा, असा हा प्रकार.

यावर नोकरदाराचं एक उत्तर आहे आणि ते खरं आहे. कंपनीचा कर नफ्यावर, म्हणजे खर्च वजा करून. माझा कर जवळपास सगळ्या पगारावर. घरभाडं, मुलांची फी, ऑफिसला जायचं पेट्रोल यांतलं काही मला वजा करता येत नाही, आणि शेजारच्या उद्योजकाची घरची गाडी मात्र कंपनीच्या नावावर धावते. हे कुणीही नाकारू नये. पण ही तक्रार दराबद्दल नाही. कुठला खर्च धंद्याचा धरायचा आणि तो तपासायचा कुणी, याबद्दलची आहे. दर ३० केला तर घरच्या गाडीचं पेट्रोल कंपनीत टाकायचा मोह वाढेल की कमी होईल?

दुसरी गोष्ट, कंपनीचा कर हा पैशाच्या वाटेवरचा एकच नाका आहे. शंभर रुपये नफ्यावरचा कर भरून उरलेले ७४ रुपये ८३ पैसे मालकानं लाभांश म्हणून घरी नेले, आणि तो वरच्या टप्प्यात असला, तर लाभांशावर अधिभार-उपकरासह ३५.८८ टक्क्यांपर्यंत कर बसतो. दोन्ही मिळून शंभरातले ५२ सरकारकडे जातात. हा आकडा कंपन्यांची बाजू घेणारे मोठ्यानं सांगतात. पुढचं वाक्य मात्र गिळतात. ज्याला घरखर्चाला लाभांशाची गरज नाही, तो नफा कंपनीतच ठेवतो. शेअरचा भाव वाढतो, आणि सूचिबद्ध शेअर वर्षभरानंतर विकला तर भांडवली नफ्यावरचा मूळ दर १२.५ टक्के. पाच कोटींच्या वर उत्पन्न असलेल्या व्यक्तीचा दर नव्या प्रणालीतही ३९ टक्क्यांपर्यंत जातो. मग कंपनीच्या छत्रीखाली २५ टक्क्यांत उभं राहणं कुणाला आवडणार नाही? व्यक्ती आणि कंपनी यांच्यातला खरा अन्याय असेल तर तो इथे, अगदी वरच्या मजल्यावर आहे. तीस लाखांच्या पगारदाराचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. त्याच्या नावानं तो मजकूर फिरतो एवढंच.

आणखी एक आकडा हल्ली सर्रास तोंडावर फेकला जातो. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक आयकर साधारण १०.४४ लाख कोटी आणि कंपनी कर ९.११ लाख कोटी. म्हणजे ‘सामान्य माणूस कंपन्यांपेक्षा जास्त कर भरतो’. आकडे बरोबर आहेत. पण त्या ‘वैयक्तिक’ रकान्यात बसलंय कोण? पगारदार आहेतच, त्यांच्या सोबत एकल मालकीचे व्यापारी आहेत, भागीदारी संस्था आहेत, एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या आहेत, हिंदू अविभक्त कुटुंबं आहेत, आणि शेअर बाजारातल्या उलाढालीवरचा करही त्यातच मोजलेला आहे. शिवाय ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनीच भरायची, प्रभावी दर २०.५६ टक्के, आणि तो पैसा कंपनी कराच्या रकान्यात जमा व्हायचा. १ एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या हातात लागू झाला. लाभांश तोच, सरकार तेच, रकाना बदलला. एका खिशातला रुपया दुसऱ्या खिशात गेल्यावर पहिला खिसा गरीब झाल्याची हाकाटी करण्यात काय अर्थ?

तरीही एवढं सगळं वजा करून काहीतरी उरतंच, आणि ते झाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१८-१९ मध्ये कंपनी कर ६.६३ लाख कोटी होता, जीडीपीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. २०१९-२० मध्ये, कोविड यायच्या आधीच्या वर्षात, तो साडेपाच लाख कोटींवर घसरला. पुढे रकमेत तो भरून निघाला आणि खूप पुढेही गेला, पण जीडीपीतला हिस्सा तीन टक्क्यांच्या घरातच घुटमळला. याच काळात कंपन्यांचा नफा मात्र उसळला. सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानं सांगितलं की ३३ हजारांहून जास्त कंपन्यांच्या नमुन्यात करपूर्व नफा २०१९-२० ते २०२२-२३ मध्ये जवळपास चौपट झाला, आणि नोकरभरती व पगार त्या मानानं वाढले नाहीत. नफा वाढला, त्यातला कराचा हिस्सा घटला आणि कामगाराच्या हाती विशेष काही पडलं नाही, तर लोक चिडणारच.

मग मी त्या दरकपातीची बाजू कशी घेतो? ती कपात नेमकी काय होती, ते आठवून बघा. २० सप्टेंबर २०१९, स्थळ गोवा. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी तिथे गेलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सकाळी घोषणा केली : देशी कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२, आणि १ ऑक्टोबरनंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना १५. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं पाणी सोडावं लागेल असा सरकारचा अंदाज. सेन्सेक्स त्या दिवशी १९०० अंकांहून जास्त उडाला. या उड्यांच्या धांदलीत घोषणेतला उत्तरार्ध वाहून गेला. २२ टक्क्यांचा दर पाहिजे असेल तर कंपनीनं बहुतेक सुटी आणि वजावटी सोडायच्या, आणि एकदा हा पर्याय घेतला की परत फिरायचं नाही. म्हणजे ही सरसकट खैरात नव्हती. सौदा होता : दर घ्या, सवलती परत द्या.

हा सौदा त्या सकाळी कुणाला स्वप्नात दिसलेला नव्हता. २००२ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकरांच्या कार्यगटानं हेच सुचवलं होतं : सवलतींचं जंगल साफ करा आणि दर खाली आणा. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात चार वर्षांत ३० चे २५ करण्याचं आणि सोबत सवलती काढत नेण्याचं जाहीर केलं, आणि त्याच भाषणात कबुली दिली की कागदावर ३० टक्के असले तरी प्रत्यक्ष वसुली २३ च्या आसपास आहे. अर्थसंकल्पासोबत एक पुरवणी असते, सवलतींमुळे किती महसूल बुडाला हे सांगणारी, २००६-०७ पासूनची. फार कमी लोक ती उघडतात. तिच्यात २०१४-१५ साठी कंपन्यांचा सरासरी प्रभावी दर २४.६७ टक्के दिला होता. त्याहून बोलकी होती त्याखालची फोड : एक कोटीपर्यंत नफा असलेल्या कंपन्यांचा दर २९ टक्क्यांच्या वर आणि ५०० कोटींहून जास्त नफा असलेल्यांचा २३ च्या आत. जितकी कंपनी मोठी तितका कर हलका. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. उलट मोठ्यांवर अधिभार जास्त होता. ही उलटी गंगा वाहत होती ती सवलतींमुळे. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखानदाराला ना विशेष आर्थिक क्षेत्रात (निर्यातीसाठी आखलेल्या, करमाफीच्या पट्ट्यात) जागा परवडत होती, ना कर नियोजन करणारी मोठी फर्म. तो मुकाट्यानं जवळपास पूर्ण दरानं भरत होता.

हे प्रत्यक्ष कसं चालायचं ते एका काल्पनिक कंपनीवर, २०२३-२४ च्या नियमांनी, मांडू. टर्नओव्हर ४०० कोटींच्या आत, म्हणून जुन्या पद्धतीत मूळ दर २५ टक्के. ताळेबंदानुसार नफा १० कोटी. कर कायद्याप्रमाणे घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटीची वजावट, हिशेबाच्या पुस्तकांपेक्षा दोन कोटींनी जास्त मिळतो, उरले आठ. एक युनिट विशेष आर्थिक क्षेत्रात आहे, पहिल्या पाच वर्षांत आहे, त्याचा पाच कोटींचा निर्यात नफा पूर्ण माफ, उरले तीन. तीन कोटींवर २५ टक्के म्हणजे ७५ लाख, ७ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून ८३ लाख ४६ हजार. दहा कोटींच्या नफ्यावर ८.३ टक्के! पण थांबा, इथे मॅट आडवा येतो, किमान पर्यायी कर. पुस्तकी नफ्यावर १५ टक्के, अधिभार-उपकरासह १ कोटी ६६ लाख ९२ हजार. दोहोंत जे जास्त ते भरायचं, म्हणून कर झाला १६.७ टक्के. मात्र जास्तीचे भरलेले ८३ लाख ४६ हजार बुडाले नाहीत. मॅटची जमा म्हणून ते, तेव्हाच्या नियमानुसार, पुढच्या १५ वर्षांत वळते करून घेता येत. आता याच कंपनीनं २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तर? निर्यातीची माफी गेली, मॅटही गेला, आठ कोटींवर २५.१६८ टक्के : २ कोटी १ लाख ३४ हजार. नफ्याच्या २०.१ टक्के. नफा एकच, आणि त्यावर कर ८.३, १६.७ किंवा २०.१. पाटीवरचा २५ यांत कुठेच नाही. आणि गंमत म्हणजे ज्या पर्यायाला लोक ‘कंपन्यांना दिलेली भेट’ म्हणतात, तो घेतला तर ही कंपनी सर्वांत जास्त कर भरते. साहजिकच तिचा सीए तो पर्याय इतक्यात घेऊ नका म्हणूनच सांगेल.

घसाऱ्याबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण सवलतींवर टीका करणारे इथे हमखास घसरतात. लवकर मिळालेला घसारा ही माफी नसते. आज दोन कोटी जास्त वजा झाले तर पुढच्या वर्षांत तेवढे कमी वजा होतात. सरकारचा पैसा उशिरा येतो, बुडत नाही. त्या पुरवणीत अनेक वर्षं सर्वांत मोठा आकडा याच घसाऱ्याचा असायचा, आणि तो सगळा ‘उद्योगपतींना दिलेली माफी’ म्हणून भाषणांत वापरला जायचा. माझा रोख त्याच्यावर नाही. नफ्याचा तुकडाच्या तुकडा करातून उचलून बाजूला ठेवणाऱ्या सवलतींवर आहे.

अशा सवलतींचा महाराष्ट्राला फार जुना अनुभव आहे. पडीक जमीन लागवडीला आणायची तर शिवकाळात आणि पेशवाईत रयतेला कौल, म्हणजे सरकारचा लेखी शब्द, दिला जाई. पहिली काही वर्षं सारा नाममात्र, मग दरसाल चढत चढत ठरल्या वर्षी पूर्ण धारा. हा इस्तावा. किती वर्षं आणि कितव्या वर्षी किती, हे कौलातच ठरलेलं असे. जमीन नांगराखाली आली की सवलत आपोआप संपे. ती बंद करायला वेगळा हुकूम लागत नसे. त्याच राज्यव्यवस्थेत दुसरी सवलत होती, इनाम. कुणाच्या पूर्वजानं चाकरी केली, कुणाला धर्मादाय म्हणून दिली, आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या साऱ्यातून सुटली. कारण विसरलं गेलं, सूट राहिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशन बसवलं, हजारो इनामांच्या सनदा मागितल्या, ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची खालसा केली. इंग्रजांचा हेतू महसूल ओरबाडण्याचा होता, न्यायाचा नव्हे. दख्खनेतल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या असंतोषाला त्यानं खतपाणी घातलं. पण म्हणूनच तो इतिहास इथे लागू पडतो. शेवटाची तारीख न लिहिलेली सवलत संपवायला पुढे कमिशन बसवावं लागतं, आणि तेव्हा ज्याची सूट जाते त्याला ती लूट वाटते. आपल्या कंपनी करातली कुठलीही सवलत उचला आणि विचारा : हा इस्तावा आहे की इनाम?

सवलतींची सर्वांत भक्कम बाजू सॉफ्टवेअर उद्योगाची. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या युनिटांना निर्यातीच्या नफ्यावर करमाफी होती, आणि त्या काळात काय उभं राहिलं ते हिंजवडीच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी अडकून पडणाऱ्यांना सांगायला नको. माफी नसती तर हे झालं असतं का? काही अंशी ती उपयोगी पडली, हे मान्य करतो. नवख्या धंद्याच्या हातात पैसा राहिला, तो पुन्हा धंद्यात गेला. पण त्या योजनेतली जी गोष्ट दुसरीकडे मिळतच नव्हती, ती होती उपग्रहावरून जाणारी डेटा लाइन. १९९० च्या सुमारास बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वरपासून सुरुवात झाली. शिवाय अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी इंग्रजी जाणणारी मुलं आणि अमेरिकेशी पगारातला प्रचंड फरक. माफी नसती तर वाढ थोडी सावकाश झाली असती, थांबली नसती. आणि इस्तावा असता तर तो वेळेवर संपला असता. प्रत्यक्षात २००९ ला संपणारी माफी एकेक वर्ष वाढवत २०११ च्या मार्चपर्यंत ओढली गेली, तीही त्या उद्योगाला जगभर नाव आणि घसघशीत नफा मिळाल्यानंतर. ती संपते आहे असं दिसताच नव्या इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात उभ्या राहू लागल्या, कारण तिथे पंधरा वर्षांचा नवा कौल होता : पाच वर्षं शंभर टक्के, पाच वर्षं पन्नास, आणि पुढची पाच वर्षं नफा पुन्हा गुंतवला तर पन्नास. रोप वाढून झाड झालं तरी कुंपणाचा खर्च गावानं करतच राहायचा?

विशेष आर्थिक क्षेत्रांची गोष्ट आपल्याकडे कराची म्हणून कधी सांगितलीच गेली नाही. ती जमिनीची म्हणून लढली गेली, आणि बरोबरच लढली गेली. रायगडमध्ये सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या बाजूच्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं. गोव्यात लोकांच्या रेट्यानं २००७ संपता संपता सरकारनं ही क्षेत्रंच रद्द करायचा निर्णय घेतला. पण शेतजमिनीवर एवढ्या उड्या का पडत होत्या? जमिनीला अचानक सोन्याचा भाव आला, त्यामागे तिच्यावर उभ्या राहणाऱ्या धंद्याला मिळणारी करमाफी होती. माफी सरकारच्या तिजोरीतून आली आणि जमिनीच्या किमतीत शिरली. हिमाचल आणि उत्तराखंडला २००३ मध्ये दिलेल्या करमाफीचंही तेच. हिमाचलातल्या बद्दीत औषध कारखान्यांची रांग लागली, शेजारचा पंजाब ‘आमचे कारखाने पळवले’ म्हणून ओरडत राहिला. देशाच्या हिशेबात यातलं नवं किती आणि नुसतं जागा बदललेलं किती?

सवलतींचा पसारा हाताबाहेर गेल्याची कबुली सरकारनं फार पूर्वीच दिली आहे, तिचं नाव मॅट. भरपूर नफा दाखवणाऱ्या, भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या आणि कर शून्य भरणाऱ्या कंपन्यांची यादी इतकी वाढली की १९८७ च्या अर्थसंकल्पात, जो राजीव गांधींनी स्वतः मांडला, पुस्तकी नफ्यावर किमान कर आला. १९९० मध्ये तो काढला, १९९६ मध्ये परत आणला. एका हातानं सूट लिहायची आणि दुसऱ्या हातानं ‘पण एवढं तरी भराच’ म्हणायचं. आज जग १५ टक्के जागतिक किमान कराबद्दल बोलतं तेव्हा आपण ही ठिगळं साडेतीन दशकं लावतोय, असं म्हणायला हरकत नाही. पण या ठिगळानं एक अन्यायही केला आणि उद्योगांची तक्रार इथे शंभर टक्के रास्त आहे. २००५ च्या कायद्यानं विशेष आर्थिक क्षेत्रांना मॅटमधून वगळलं होतं. २०११ च्या अर्थसंकल्पानं तो शब्द मोडला. कौल दाखवून माणसाला जमीन कसायला लावायची आणि मध्येच सारा मागायचा, हे कुठल्याही राज्याला शोभत नाही. माझा निष्कर्ष मात्र त्यांच्या उलट आहे. जो शब्द पुढचं सरकार पाळेल याची खात्री नाही, तो देऊच नये. सगळ्यांना लागू असलेला दर बदलणं राजकीयदृष्ट्या अवघड असतं. एका क्षेत्राची सवलत काढणं सोपं. उद्योजकाला खरी स्थिरता कशात मिळते मग?

‘सवलत म्हणजे भ्रष्टाचार’ असं माझं म्हणणं नाही, आणि म्हणून सिंगापूरचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथे दर १७ टक्के. पण पहिल्या १० हजार डॉलर नफ्यातला तीन चतुर्थांश आणि पुढच्या १ लाख ९० हजारांतला निम्मा करमुक्त. दोन लाख डॉलर नफा असेल तर करपात्र उरतात ९७ हजार ५००, कर १६ हजार ५७५, म्हणजे ८.३ टक्के. त्यावर एखाद्या वर्षी अर्थसंकल्पात परतावा जाहीर होतो. २०२५ या करनिर्धारण वर्षासाठी तो कराच्या ५० टक्के होता, कमाल मर्यादा ४० हजार डॉलर. आपल्या उदाहरणात कर राहिला ८ हजार २८७, नफ्याच्या ४.१ टक्के. पाटीवर १७, खिशातून ४! हीसुद्धा सवलतच, आणि चांगलीच मोठी. तरी ती मला खुपत नाही, कारण तिचं सूत्र दोन ओळींत मावतं, कुठलाही धंदा असो सारखं लागू होतं, मोठ्या कंपनीला नगण्य आणि छोट्या कंपनीला भरीव ठरतं. (सिंगापूर निवडक कंपन्यांना वाटाघाटींनी खास दर देतं, तो भाग वेगळा, त्याचं कौतुक मी करणार नाही.) आपल्याकडे छोट्या कंपनीला असा कुठलाच टप्पा नाही.

दर खाली आला म्हणून सवलती कायमच्या गेल्या, असंही समजू नये. अमेरिकेनं १९८६ मध्ये कंपनी कराचा दर ४६ वरून ३४ वर आणला आणि बदल्यात गुंतवणुकीवरची करवजावट रद्द केली. दोन्ही पक्षांनी मिळून केलेलं ते काम होतं. पुढच्या तीन दशकांत एकेक करून नव्या सवलती परत आत शिरल्या. आपल्याकडेही ती वेळ येणार. नव्या उत्पादक कंपन्यांसाठीचा १५ टक्क्यांचा दर, अधिभार-उपकरासह १७.१६, हा २०१९ च्या सौद्यातला कच्चा दुवा होता. २५ टक्के भरणाऱ्या जुन्या कारखान्याशेजारी १७ टक्के भरणारा नवा कारखाना, तोच माल, तीच बाजारपेठ. उत्पादन सुरू करायची मुदत मार्च २०२३ होती, एक वर्ष वाढवली, आणि ३१ मार्च २०२४ ला ती संपू दिली गेली. हे एक बरं झालं. आता तो दर परत आणा अशी उद्योगांची मागणी होत असते. गुंतवणूक आली नाही म्हणून कर आणखी कमी करा, हा तर्क मला कळत नाही. कारखाना उभा राहतो तो माल खपेल या भरवशावर. कर त्यानंतर येतो. २०१९ मध्ये गिऱ्हाईकच थंडावलं होतं, त्यामुळे दरकपात गुंतवणुकीसाठी म्हणून विकायलाच नको होती. ती कंपन्या-कंपन्यांमधल्या समतेसाठी म्हणून मांडली असती तर आज तिच्यावर ‘फसली’ असा शिक्का बसला नसता.

राज्याच्या पातळीवर तर इनामाची पद्धत जास्त राजरोस आहे. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासूनची. मागास तालुक्यांत उद्योग नेण्याचा तिचा हेतू योग्य होता, विक्रीकर पुढे ढकलण्यापासून आजच्या राज्य जीएसटीच्या परताव्यापर्यंत तिची रूपं बदलत गेली. पण मोठ्या प्रकल्पांना काय द्यायचं ते प्रकल्पागणिक मंत्रिमंडळाची उपसमिती ठरवते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत इतक्या हजार कोटींची गुंतवणूक आणि इतके रोजगार हे ठळक असतं. त्या बदल्यात किती वर्षांत किती रक्कम परत जाणार, ते शोधावं लागतं. आणि हाच प्रकल्प गुजरातला गेला की आपण गहिवरतो, किती देऊ केलं होतं हे न विचारता.

हे आकडे खुले करा म्हटलं की उत्तर येतं : हे व्यापारी गुपित आहे. हे उत्तर सूचिबद्ध कंपन्यांच्याच वार्षिक अहवालात खोडून निघतं. मागच्या पानांत, आयकरावरच्या टिपेत, एक कोष्टक असतं, हिशेबाच्या मानकांनीच ते सक्तीचं केलंय. नफा गुणिले कायद्यातला दर इतका कर व्हायला हवा होता. अमुक सवलतीमुळे इतका कमी झाला, अमुक खर्च नामंजूर झाल्यामुळे इतका वाढला. म्हणून प्रत्यक्ष खर्च इतका. कंपनी तर आर्थिक वर्ष संपण्याच्या साडेनऊ महिने आधीच, १५ जूनला, पूर्ण वर्षाच्या कराचा अंदाज बांधून त्याचा १५ टक्के हप्ता भरते. सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असं करत तो अंदाज पक्का करत नेते, आणि चुकला तर व्याज भरते. म्हणजे प्रत्येक कंपनीला आपली प्रत्येक सवलत रुपयांत ठाऊक असते. दहा शेअर घेतलेल्या माणसाला जे छापून मिळतं, ते सवलतीचा भार उचलणाऱ्या करदात्याला अर्थसंकल्पाच्या पुरवणीत नुसत्या बेरजा आणि सरासऱ्या करून का दिलं जातं? कंपनीचं नाव, सवलतीचं कलम, यंदाची रक्कम आणि ती संपण्याचं वर्ष, असे चार रकाने त्या पुरवणीत वाढवायला नवा कायदाही फार मोठा लागणार नाही. पुढच्या फेब्रुवारीत तो मजकूर फिरवणाऱ्यांनी निदान हे चार रकाने मागावेत.